अक्षरांवाचून घडी

७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांचं एक छोटं टिपण छापून आलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड गावी ते डॉक्टरकी करत. टिपणातला पर्सी चौदा वर्षांचा. घरची माणसं शिकलेली, मुलगा चलाख, खेळात सवंगड्यांच्या तोडीस तोड. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या सुरू होत्या, तरी एवढाल्याशा शब्दांपाशीही त्याची गाडी अडायची. स्वतःचं नाव लिहिताना त्यानं दोन अक्षरांची अदलाबदल केली आणि ‘पर्सी’चं ‘प्रेसी’ झालं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा लक्ष वेधेपर्यंत चूक त्याला दिसली नाही. याच मुलानं ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार मात्र झटक्यात आणि अचूक करून दाखवला. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गननी नोंदवून ठेवलं आहे.

या अवस्थेला नावं आधीच मिळाली होती. आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्यानं १८७७ साली तिला ‘शब्दांधत्व’ म्हटलं होतं. श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांच्या १८८७ च्या पुस्तकात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द आहे. पण त्यांचे रुग्ण प्रौढ होते. त्यांना आधी चांगलं वाचता येत होतं आणि मेंदूला इजा झाल्यावर ते गेलं. पर्सीला मुळात आलंच नव्हतं. हे जन्मजात असू शकतं, त्याचा डोळ्यांशी, आळसाशी किंवा मठ्ठपणाशी संबंध नसतो, ही गोष्ट डॉक्टरांच्या पचनी पडायला पुढची कित्येक वर्षं लागली. शाळांच्या पचनी पडायला त्याहून अधिक.

अक्षरांच्या वाटेनं न जाणारं शिक्षण युरोपात तोवर साठीला आलं होतं, पण ते बालवाडीच्या उंबरठ्यापाशीच थांबत असे. फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. ऐन तारुण्यात फ्रोबेल बर्लिनच्या विद्यापीठात खनिजांच्या संग्रहावर काम करत होते. स्फटिकांचे कोन आणि पृष्ठं पाहण्यात त्यांची काही वर्षं गेली होती. मुलांच्या हातात त्यांनी लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या आणि चौकोनी कागद दिले.

कागदाच्या घड्यांचे त्यांनी तीन वर्ग केले. होडी, टोपी, घर अशा रोजच्या वस्तू झाल्या की ती जीवनरूपं. चौरसाची चारही टोकं मधोमध आणून नक्षी उमलवली की सौंदर्यरूपं. अर्धा, पाव, त्रिकोण, कर्ण असं काही हाताला कळलं की ज्ञानरूपं. तिन्हींचा कागद एकच. चार चोचींचं जे खेळणं बोटांत घालून आपल्याकडची मुलं उघडझाप करतात, ते जर्मन मुलंही करतात आणि त्याला ‘स्वर्ग आणि नरक’ म्हणतात. फ्रोबेलच्या वर्गात पाटी-पेन्सिल येण्याच्या कितीतरी आधी कोन येत असे.

प्रशियाच्या सरकारला या बालवाड्यांत नास्तिकतेचा आणि समाजवादाचा वास आला. १८५१ मध्ये त्यांच्यावर बंदी आली ती १८६० पर्यंत. फ्रोबेल १८५२ मध्येच वारले. बंदीमुळे उलटंच झालं. त्यांचे शिष्य आणि विशेषतः शिष्या देशोदेशी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर चौकोनी कागदांच्या पेट्याही.

त्यातली एक पेटी मद्रासला पोचली. त्या संचात रंगीत कागदाचे दोनशे चौरस होते, एका बाजूनं गुळगुळीत. घडी दाबायची पट्टी होती, आकृत्या आणि सूचना होत्या. टी. सुंदर राव यांनी तो पाहिला आणि त्यांच्या मनात आलं की लहान मुलांचं हे खेळणं मोठ्यांच्या गणितालाही पुरेल. १८९३ साली मद्रासमध्ये त्यांचं ‘जिऑमेट्रिक एक्सरसाइजेस इन पेपर फोल्डिंग’ हे पुस्तक निघालं. चौरसापासून सुरुवात करून समभुज त्रिकोण, पंचकोन, षटकोन असं चढत ते शंकुच्छेदांपर्यंत जातं. साधनं काय, तर चाकू आणि कागदाचे कपटे.

समभुज त्रिकोणाचीच घडी घ्या. चौरस कागद उभा मधोमध दुमडून उलगडायचा, मध्यभागी एक उभी रेघ उमटते. आता खालचं डावं टोक बोटानं दाबून धरायचं आणि उजवं टोक उचलून त्या रेघेला टेकेल असं आणायचं. जिथं टेकलं तिथं खूण. खुणेपासून खालच्या दोन्ही टोकांपर्यंत घड्या घातल्या की तिन्ही बाजू सारख्या झाल्या, कारण कागदाची खालची कडच उचलून आपण तिरकी ठेवली आहे. कंपास नाही, कोनमापक नाही, साठ अंश मात्र चोख.

गटिंगनचे गणिती फेलिक्स क्लाइन यांनी १८९५ च्या आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात सुंदर रावांचा उल्लेख केला. तो अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांच्या नजरेस पडला आणि १९०१ साली शिकागोच्या ‘ओपन कोर्ट’नं मद्रासचं हे पुस्तक नव्यानं छापलं. आज घडी-भूमितीच्या अभ्यासकाला हे पुस्तक टाळून पुढं जाता येत नाही.

पण पर्सीच्या हातात हे पुस्तक पडलं असतं, तर त्याचा काही उपयोग झाला नसता. पानापानावर मजकूर, आणि प्रत्येक बिंदूला एकेक अक्षर. अमुक अक्षराचं टोक तमुक अक्षरावर आणा, मग या दोन अक्षरांना जोडणाऱ्या रेषेवर दुमडा, अशी ती भाषा. जी गोष्ट हातांना अक्षराशिवाय कळत होती, तीच पुस्तकात शिरताना अक्षरांच्या गर्दीत हरवत होती. दोष सुंदर रावांचा नव्हता. घडी लिहायची कशी, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

जपानकडेही नव्हतं, आणि तिथं तर ही कला घरोघरची. १७९७ साली क्योतोमध्ये ‘हिदेन सेनबाझुरू ओरिकाता’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. एकाच कागदाला चिरा देऊन, एकमेकांना चोचीनं किंवा पंखानं जोडलेले क्रौंच कसे करायचे याचे ४९ प्रकार त्यात आहेत. रचना एका बौद्ध भिक्षूच्या. चित्रं देखणी, सोबत विनोदी कविता. कागद कुठं कापायचा हे दिसतं, तयार झालेले पक्षी दिसतात. मधल्या घड्या वाचकाला आधीच येत असणार असं गृहीत आहे. घडी आईकडून मुलीला, हातातून हातात जात होती. १८७६ मध्ये तोक्योच्या महिला अध्यापन शाळेला जोडून पहिली सरकारी बालवाडी निघाली, तेव्हा फ्रोबेलच्या घड्या तिथं पोचल्या आणि जपानी घड्यांत मिसळल्या. आज ज्याला जग अस्सल जपानी ओरिगामी समजतं, तिच्यात जर्मन बालवाडीचाही हिस्सा आहे.

कोडं सोडवलं ते कारखान्यातल्या एका कामगारानं. अकिरा योशिझावा यांचा जन्म १९११ सालचा, तोचिगी प्रांतातल्या शेतकरी घरातला. तेराव्या वर्षी ते तोक्योच्या कारखान्यात लागले. विशीत बढती मिळून आराखडे काढायच्या टेबलावर आले. हाताखालच्या पोरांना भूमिती शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ती ते कागद दुमडून शिकवत. १९३७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं हलाखीत काढली. दारोदार ‘त्सुकुदानी’ विकायची, म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेलं, भाताशी लावून खायचं तोंडीलावणं, आणि उरलेल्या वेळात घड्या. एका सचित्र साप्ताहिकानं बारा राशींचे बारा प्राणी करायला सांगितले, ते १९५२ च्या सुरुवातीला छापून आले आणि त्यांचं नाव झालं. १९५४ मध्ये ‘आताराशी ओरिगामी गेजुत्सु’ हे पुस्तक निघालं.

त्या पुस्तकातल्या खुणा आज जगभर चालतात. तुटक रेघांची ओळ दिसली की कागद आपल्याकडे दुमडायचा. घडी आत जाते, म्हणून ती दरी-घडी. रेघ आणि टिंब आलटून पालटून आली की कागद मागं दुमडायचा, ती डोंगर-घडी. बाणाची शेपटी जिथं आहे तिथलं टोक उचलायचं, बाणाचं टोक जिथं आहे तिथं नेऊन ठेवायचं. बाणानं मध्येच वेटोळं घेतलं की अख्खा कागद उलटा करायचा. रंगीत बाजू छायांकित, पाठची बाजू पांढरी. एका चौकटीत एक घडी, आणि पुढच्या चौकटीत ती घातल्यावर कागद कसा दिसतो ते. म्हणजे प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीचं उत्तर असते. आपलं कुठं चुकलं हे कुणाला विचारावं लागत नाही, हातातला कागद चित्राशेजारी धरला की कळतं. या चिन्हांत आराखड्याच्या टेबलावरची शिस्त आहे, आणि भाषा कुठलीच नाही.

ब्रिटिश जादूगार रॉबर्ट हार्बिन यांचं ‘पेपर मॅजिक’ १९५६ साली आलं. न्यूयॉर्कमध्ये लिलियन ओपनहायमर यांनी १९५८ मध्ये ओरिगामी सेंटर सुरू केलं. त्यांच्या ओळखीतल्या सॅम्युअल रँडलेट यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात योशिझावांच्या खुणा घेतल्या. रँडलेट आणि हार्बिन यांनी त्यांत थोडी भर टाकली, कागद फिरवण्याची एक खूण, चित्र मोठं करून दाखवण्याची आणखी एक. एवढ्यावर काम भागलं. ब्राझीलच्या माणसानं काढलेली आकृती पाहून कोल्हापूरचं पोर बेडूक करू शकतं.

हे सगळं डिस्लेक्सिया असलेल्या माणसांसाठी कुणीही केलं नव्हतं. योशिझावांपुढे प्रश्न होता चित्रातून घडी सांगण्याचा, पाश्चात्त्य मंडळींपुढे प्रश्न होता जपानी न येण्याचा. पण ज्यांना आपल्याच मातृभाषेतला छापील मजकूर परभाषेसारखा वाटतो, त्यांना या खटपटीत आयतं दार उघडून मिळालं. क्रिकेटचे नियम, पत्त्यांचे डाव, विणकामाचे नमुने, रेडिओ जोडणीचे संच, बहुतेक छंदांच्या दाराशी एक पुस्तिका ठेवलेली असते. इथं पुस्तिकेत वाचायला काही नाही.

एकानं मात्र अडणाऱ्या हातांचा मुद्दाम विचार केला. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ओरिगामी सोसायटीतले जॉन स्मिथ यांनी सत्तरच्या दशकात ‘प्युअरलँड’ नावाची पद्धत मांडली. एका वेळी एकच घडी, तीही फक्त दरी किंवा डोंगर. आतून उलटवणं, दाबून पसरवणं, एकाच दमात चार ठिकाणी दुमडणं, यातलं काही नाही. बोटांवर ताबा कमी असलेल्यांसाठी आणि नवख्यांसाठी ही मर्यादा घातलेली. डिस्लेक्सिया असलेल्या काही मुलांना बारीक हस्तकामही अवघड जातं. पोस्टाच्या तिकिटाएवढा बगळा करायला बसवण्याऐवजी वर्तमानपत्राच्या पानातून प्युअरलँडची घडी हाती दिली, तर अशी मुलं पहिल्याच बैठकीत काहीतरी पुरं करतात.

पलीकडे डिस्लेक्सियाची कथाही पुढं सरकत होती. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ मध्ये जन्मजात शब्दांधत्वावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी १९२५ मध्ये आपलं निरीक्षण मांडलं: ही मुलं अक्षरं आणि शब्द उलटे वाचतात, पण त्यांच्या बुद्धीत खोट नसते. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी तीसच्या दशकात शिकवण्याची रीत बांधली. अक्षर डोळ्यांनी पाहायचं, तोंडानं उच्चारायचं, कानांनी ऐकायचं आणि त्याच वेळी बोटानं गिरवायचं. या रीतीत वाचनाच्या कामात हातालाही जागा होती.

आणि घडी घातलेला कागदही मानसशास्त्राच्या टेबलावर येऊन बसला, वेगळ्याच दारानं. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी बनवली, तीत एक प्रश्न असा होता: कागदाची चौपदरी घडी करून कडेला त्रिकोणी तुकडा कापला, तर उलगडल्यावर काय दिसेल ते काढून दाखवा. पुढं अमेरिकेच्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसच्या १९७६ च्या चाचणी-संचात कागद दुमडून भोक पाडण्याचं कोडं होतं आणि ते अजून वापरलं जातं. मनातल्या मनात वस्तू फिरवण्याची, उलगडण्याची ताकद मोजायची तर घडीसारखं स्वस्त साधन नाही.

इथून एक समजूत फोफावली. डिस्लेक्सिया असलेल्यांना वाचता येत नाही, पण आकार उपजतच कळतात, असं सर्रास सांगितलं जातं. तपासणीचे निकाल इतके गोड नाहीत. बॉस्टन कॉलेजच्या एलन विनर आणि काट्या फॉन कारोली यांनी २००१ च्या सुमारास याचा शोध घेतला. बहुतेक अवकाशीय चाचण्यांत डिस्लेक्सिया असलेली मुलं इतरांच्या बरोबरीची किंवा थोडी मागं निघाली. एका चाचणीत मात्र ती वेगळी ठरली. प्रत्यक्षात बनवताच येणार नाही अशा ‘अशक्य’ आकृत्या ओळखायच्या होत्या. त्यात त्यांची अचूकता इतरांइतकीच होती, वेळ मात्र त्यांना कमी लागला. अख्खी आकृती एका नजरेत पकडण्याची ही हातोटी असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला. एवढ्यावरून प्रत्येक डिस्लेक्सिक मूल शिल्पकार ठरत नाही. घडी घालून वाचन सुधारतं असं म्हणायलाही आधार नाही, आणि तसा दावा करून शिबिरांची फी घेणाऱ्यांपासून पालकांनी लांब राहिलेलं बरं.

छंद म्हणून पाहिलं की हिशेब साधा होतो. वहीत चुकलेल्या शब्दावर लाल रेघ येते आणि ती वर्षभर तिथंच राहते. कागदावरची चुकीची घडी उलगडता येते, रेघ राहते पण ती पुढच्या घडीत दडून जाते. काम वीस मिनिटांत संपतं, हातात वस्तू येते, ती दुसऱ्याला देता येते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला ‘मला दाखव ना’ असं म्हणावं लागतं, आणि ज्यानं आजवर सगळं दुसऱ्याकडून उतरवून घेतलं त्याला शिकवण्याची पाळी येते.

अडचणी नाहीत असं नाही. डावं-उजवं गोंधळणं हे डिस्लेक्सियात बऱ्याचदा आढळतं, आणि शिकवणारा समोर बसला की त्याचं उजवं ते मुलाचं डावं होतं. म्हणून शिकवणाऱ्यानं शेजारी बसावं, ‘डावीकडे दुमड’ म्हणण्याऐवजी ‘हे टोक खिडकीकडे’ म्हणावं. तोंडानं चार घड्या एकदम सांगितल्या की तिसरीपाशी सगळं सुटतं. एका बाजूनं रंगीत कागद वापरला तर निम्मे घोळ आपोआप मिटतात.

महाराष्ट्रात घडी आधी वाण्याच्या पुडीत होती. वर्तमानपत्राचा शंकू, वरची पाकळी आत खोचलेली, वर दोऱ्याचे दोन वेढे. पोरांच्या हाती होडी, विमान, दौत, टोपी. ओरिगामी हा शब्द घरोघरी पोचवण्यात पुण्याचे डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचा वाटा मोठा. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या या लेखकानं ‘छंदांविषयी’ नावाचं पुस्तकच लिहिलं, आणि भेटेल त्या मुलाला कागद दुमडून दाखवला. पुण्यातच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली, कागदाच्या टोप्या आणि पंख हलवणारे पक्षीही. त्यांच्या छोट्या ध्वनिचित्रफिती फुकट पाहायला मिळतात.

डिस्लेक्सियाची चर्चा इथं उशिरा आली. १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली, आणि २००७ च्या ‘तारे जमीन पर’नं हा शब्द चाळीतल्या आणि वाड्यातल्या पालकांपर्यंत नेला. तरी तपासणी बहुतांशी इंग्रजीतून होत होती. देवनागरीचे घोळ तीत सापडणार कसे? ‘कि’मधली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, र कधी डोक्यावर रफार होऊन बसतो तर कधी पायाशी तिरकी रेघ होतो, घ आणि ध, भ आणि म एकमेकांसारखे दिसतात. मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला.

परीक्षेतल्या सवलती महाराष्ट्रानं त्याआधीच, १९९६ पासून देऊ केल्या होत्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, लेखनिक. त्यातच एक मुभा अशी: दहावीला बीजगणित-भूमिती सोडून सातवीच्या पातळीचं गणित घ्यायचं आणि जोडीला कार्यानुभवाचा एक विषय. पक्ष, साध्य, सिद्धता यांच्या परिच्छेदांखाली गुदमरणाऱ्या मुलांना या मुभेनं शाळेत टिकवलं, यात वाद नाही. पण भूमिती एका बाजूला आणि हातकाम दुसऱ्या बाजूला, ही वाटणी फ्रोबेलच्या वर्गात नव्हती आणि सुंदर रावांच्या पुस्तकातही नव्हती. आपल्या शाळेत कागदकाम कार्यानुभवाच्या तासाला असतं. तिथं पाचवी-सहावीतलं मूल चौरस मधोमध दुमडतं, उजवं टोक उचलून मधल्या रेघेला टेकवतं, साठ अंशांचा कोन हातानं घालतं. प्रगतिपुस्तकात ती घडी कार्यानुभवाच्या रकान्यात जाते. गणिताच्या रकान्यात तिची नोंद होत नाही.